साहेबांचा आहेर

कचेरीत दक्षता सप्ताह होता. खडतरे साहेबांनी माइकवरून तरुणांना भ्रष्टाचाराविरुद्ध पुढे यायला सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि खुर्चीत बसून आमच्या लग्नाचा दाखला अडवला. त्याच्यावाचून माझी सासरच्या गावी बदली होणार नव्हती.

"आमचं काय?" साहेब हसले. "लाच नव्हे हो सूनबाई, आहेर समजा."

लग्न आमचं, आहेर त्यांना! ह्यांचा हात मुकाट्याने खिशात गेला. मी उठून माइकपाशी गेले.

"अगं, काय करतेस?" हे कुजबुजले.

"आहेर पुकारून देतात ना? ऐका हो मंडळी! आमच्या दाखल्यावर सही करण्याबद्दल खडतरे साहेबांना आहेर..."

साहेबांनी उभ्याउभ्याच सही ठोकली. "छे छे, आम्ही आहेर घेत नाही!"

"तसं पत्रिकेवर छापतात, साहेब," मी म्हटलं. "तुम्ही निदान दारावर लावा."