फाटक्या पानांतली म्हातारी

एक होतं गाव, आणि त्या गावाला राजाबिजा काही नव्हता. होतं फक्त एक बालवाचनालय. ते इतकं चिमुकलं, की कपाट उघडायचं तर पोरांनी पोटं आत ओढून उभं राहायचं. खोटं वाटतं? माझंच पोट एकदा त्या दारात अडकलं होतं, बरं का. दोघांनी ओढून काढलं. हसू नका.

तिथं पुस्तकं द्यायला होत्या मथुताई. नवरा लवकर गेलेला. घरात त्या आणि त्यांची लेक केशर, दोघीच. गावातलं पोरन् पोर मथुताईंना पाठ. कुणाला भुतं आवडतात, कुणाला भुताच्या नावानंच रडू येतं, सगळं ठाऊक. आणि त्यांचा एक नियम होता. शनिवारी पुस्तकं वाटताना आधी गावची मुलं. आपली लेक शेवटी.

मग काय व्हायचं? केशरची पाळी येईपर्यंत कपाटात उरायची फाटकी पुस्तकं. कुणाची पानं उंदरानं खाल्लेली, कुणाची पोरांनी होड्या करून ओढ्यात सोडलेली. केशर गाल फुगवायची.

"मलाच का गं नेहमी चिंध्या?"

"लोकांची मुलं आहेत, बाई. त्यांना आधी," मथुताई म्हणायच्या. "तुला मी आहे की."

मग घरी गेलं, की मथुताई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायच्या. पुस्तकाला कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. आणि हरवलेल्या पानांवर काय होतं, ते केशरला तोंडी सांगायच्या.

अशी वर्षं गेली. केशर मोठी झाली, लोकांचे कपडे शिवू लागली. मग एका थंडीत मथुताई आजारी पडल्या, आणि गेल्या.

सगळं गाव रडलं. तेरावा झाला आणि सगळं गाव आपापल्या घरी गेलं. केशर कुठं जाणार? ती घरीच होती. शिवणयंत्र थांबलं, की घरात इतकं शांत व्हायचं, की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी तिला सोबत वाटायची.

पुढं वाचनालयात नवी कोरी पुस्तकं आली. लहानपणी फाटकं मिळालेलं वाघाचं पुस्तक केशरनं मागून आणलं. म्हटलं, एकदा अख्खं वाचू, आई आठवेल. वाचते तर काय! आई सांगायची, वाघाची दाढ दुखते आणि तो लवंग मागत गावभर फिरतो. पुस्तकात त्यातलं काहीच नाही. तिथं शिकारी येतो आणि वाघ मरतो. मग राक्षसाचं पुस्तक पाहिलं. आईचा राक्षस अंधाराला भिऊन स्वतःचाच हात धरून चालायचा. पुस्तकातल्या राक्षसाचं मुंडकं उडालेलं. आणि आईच्या गोष्टीतली ढग झाडणारी म्हातारी? ती तर कुठल्याच पुस्तकात नव्हती.

म्हणजे ती पानं आईनं मनानं रचली होती. एकट्या केशरसाठी.

मग एकदा काय झालं, दिवेलागणीला दार वाजलं. बाहेर वाघ. गालाला फडकं बांधलेलं.

"पुस्तकात मला जागा नाही," वाघ कण्हत म्हणाला. "इथं राहू?"

दुसऱ्या दिवशी राक्षस आला. तिसऱ्या दिवशी केरसुणी घेऊन म्हातारी. तिची तर गंमतच होती. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "झोपलीस का गं केशर?" गोष्ट सांगताना आई मध्येच असं विचारायची ना, ते म्हातारीला तसंच चिकटलेलं.

केशरनं दाराला कडी घातली. आता माझी माणसं माझ्याजवळ!

पण ती विरायला लागली. वाघाचे पट्टे फिकुटले. राक्षस इतका पातळ झाला, की घडी घालून उशीखाली ठेवावा. केशरनं त्यांना वहीत लिहिलं, तर शाई ओघळून जमिनीवर आणि वही कोरी.

"आम्ही तोंडातून आलो," वाघ म्हणाला. "तोंडातच जगतो. त्या शनिवारच्या पोरांना सांग आम्हाला."

"त्यांना नाही!" केशर कडाडली. "आईचा अख्खा दिवस त्यांना. एवढंच माझं आहे."

"मग बस आमच्या चिंध्या शिवत," वाघ म्हणाला. दाढ दुखत असली की माणूस तिरकं बोलतो. वाघही.

केशर रडली. मग शनिवारी वाचनालयात गेली आणि वाघ सांगितला. लगेच वाघाचे पट्टे काळेभोर झाले, आणि तो पोरांच्या मागं चालता झाला. पुढच्या शनिवारी राक्षस गेला. उरली म्हातारी.

"हिला नाही देणार," केशर म्हणाली.

मग म्हातारी विरत गेली. आधी लुगडं दिसेना, मग हात दिसेना. तिसऱ्या शनिवारी नुसती केरसुणी आणि आवाज. "झोपलीस का गं के..." आणि आवाजही तुटला.

केशर तशीच धावली, अनवाणी. पोरांना म्हातारी सांगितली. सगळी सांगितली, काही मागं ठेवलं नाही.

तुळशी नावाची एक पोर म्हणाली, "ती मध्येच केशर केशर म्हणते, ती कोण?"

"होती एक मुलगी," केशर म्हणाली.

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर केशर गल्लीतून चालली होती. एका खिडकीतून आवाज आला, "मग म्हातारीनं ढग झटकला. झोपलीस का गं तुळशे?" पुढच्या खिडकीतून, "झोपलास का रे सदबा?" केशरनं गल्लीच्या टोकापर्यंत कान दिला. तिचं नाव कुठंच नव्हतं.

वर पाहिलं, तर कौलांवर म्हातारी. चांगली गुबगुबीत झालेली, सपासप ढग झाडत होती. तिनं खाली पाहिलं नाही. का म्हणून काय विचारता? कामात होती. एवढं आभाळ, आणि केरसुणी एक.

केशर उभी राहिली. ढगांची थोडी धूळ तिच्या केसांवर पडली. मग ती घरी आली आणि आडवी झाली. झोपलीस का, असं विचारणारं कुणी नव्हतं. पण आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला झोप लागली.

पुढं वाघ, राक्षस आणि म्हातारी घरोघरी सुखानं नांदली. केशर दर शनिवारी पोरांत आणि बाकीचे दिवस एकटी, तीही नांदली.

संपली गोष्ट. मिटा डोळे. मी दिवा मालवते.