अर्धे नाम

यंत्रांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. मुकुंदरावांच्या घरी सायंकाळी स्टिरिओवर भजन लागे. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या मातोश्रींची स्मृती गेली होती. भजनामागोमागच त्या देवाचे नाम घेत.

एके दिवशी मुकुंदरावांनी हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. स्पीकर त्याला म्हणाला, “बाळा, स्टिरिओच्या मागच्या सॉकेटला जोडून घे. तिथे दोघांनाही सूर मिळतो. पुढच्या खाचेत शिरलास, तर माझा आवाज बंद होईल. म्हातारीचे शेवटचे दिवस आहेत रे.”

“आजोबा, तुमच्याबरोबर वाटून खायला मी आलो नाही,” अ‍ॅम्प्लिफायर हसला. “आणि मालकांनाही भजन एकांतातच हवे आहे.”

मुकुंदरावांनी पिन पुढच्या खाचेत बसवली. स्पीकर मुका झाला.

“मुकुंदा, पुढे काय रे?” आतून क्षीण हाक आली. “पुढचे आठवत नाही.”

मुकुंदराव कान झाकून, डोळे मिटून डोलत होते. नाम इतके स्पष्ट त्यांनी कधीच ऐकले नव्हते.

भजन संपल्यावर ते तीर्थ घेऊन आत गेले. मातोश्रींचे ओठ अर्ध्या नामावर थांबले होते.