तुरा येईपर्यंत

माळावर माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कुसळी गवताचं कुसळ शिरून सशीणबाईच्या थोरल्या पिल्लाचा एक डोळा गेला. पुढच्या पावसाळ्यात घराभोवती पुन्हा गवत उगवलं, तसा तिचा संताप उफाळला. कुसळी कोणती आणि गोड मारवेल कोणतं, कोवळ्या पानांवरून काही कळेना. "सगळंच कुरतडते!" म्हणत तिने पहिल्या ठोंबाला दात लावले.

गवताचे दाणे टिपणारी लावी पक्षीण धावत आली. "अगं, थांब! पानं सगळ्यांची सारखीच. तुरे येऊ देत, मग सांगते."

"आणि तोवर धाकट्याचाही डोळा गेला म्हणजे?"

"कुसळं वाळल्याशिवाय बोचत नाहीत गं. हिरवी असतानाच ओळखू."

सशीणबाई धुसफुसत थांबली. भादवा सरता सरता तुरे आले. कुसळीच्या एकेरी कणसावर लांब कुसळं एकमेकांत गुंतली होती. मारवेलाला मात्र पाखराच्या पंजासारखी मऊ, जांभळट बोटं फुटली होती. तिने कुरतडलेल्या ठोंबाची एकच काडी उरली होती, तिच्यावरही तशीच जांभळट बोटं! सशीणबाईची मान खाली गेली.

मग तिने घराजवळची कुसळी तेवढी कापली. कोल्ह्याच्या वाटेवरची राहू दिली. हिवाळ्यात कोल्हा आला आणि नाकात कुसळं भरून केकाटत पळाला.

पुढच्या पावसाळ्यात धाकटं पिल्लू एका कोंबाकडे बघून ओरडलं, "आई, कुसळी!"

एका डोळ्याचा थोरला म्हणाला, "तुरा तर येऊ दे त्याला."