मागच्या दाराची सुरमई

एकदा एक तरुण सहवैमानिक आपल्या निवृत्त गुरूंना भेटायला अलिबागला गेला. त्याचे नाव निषाद. गुरू म्हणजे कॅप्टन रेगे. विमान उतरवायला त्यांनीच त्याला शिकवले होते.

निषाद तावातावाने म्हणाला, "सर, मी वैमानिकांची संघटना सोडतोय. तिथे सगळी ज्येष्ठतेची रांग! पुढचे म्हातारे हलेपर्यंत मी कॅप्टनच्या खुर्चीकडे नुसता बघत बसू? कंपनी म्हणते, संघटना सोड, स्वतंत्र करार कर, लगेच कॅप्टन करतो. पगार दुप्पट. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"आधी जेवू या," रेगे म्हणाले.

खानावळीबाहेर ही गर्दी! मालक ओळखीचा. त्याने दारातूनच हाक दिली, "कॅप्टन, मागच्या दाराने या की!" रेगे मात्र शांतपणे रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. निषादने कपाळाला हात लावला आणि स्वतः खुशाल मागच्या दाराने आत गेला.

लगेच सुरमईचे ताट आले. दोन घास घेतो न घेतो तोच गावचे पुढारी लवाजम्यासह अवतरले. मालक निषादच्या कानाशी लागला, "साहेब, जरा उठता का?" झाले! आमचे भावी कॅप्टन ताट हातात धरून बेसिनपाशी उभे. त्याने आशेने रांगेकडे पाहिले. कोणीही तोंड उघडले नाही. रेग्यांच्या मागच्या मावशी तर फिसकन हसल्या.

बऱ्याच वेळाने रेगे खुर्चीवर टेकले, तर विरोधी पक्षाचे पुढारी हजर! मालक रेग्यांकडे वळताच अख्खी रांग गरजली, "ओ, त्यांचा नंबर आहे!" मावशी पदर खोचून दारातच उभ्या राहिल्या. पुढारी मुकाट मागे गेले.

सुरमई मात्र संपली होती. आमटी-भात कालवत रेगे बेसिनपाशी उभ्या निषादला म्हणाले, "बाबा रे, रांगेला भूक कळत नाही, हुशारी कळत नाही. कोण आधी आलं, एवढंच ती बघते. त्यात तुझं नुकसान होतंय, हे खरं आहे. पण मालकाच्या मर्जीने मिळालेली खुर्ची मालकाच्या मर्जीनेच जाते. तेव्हा तुझ्यासाठी ओरडायला कोणी नसतं."

"मग नुसता उभा राहू?"

"छे! रांगेत राहून रांगेशीच भांड. लायकीचाही विचार करा म्हणावं. संघटनेच्या सभेत कधी बोललास हे?"

निषाद ओशाळला. तो एकाही सभेला गेला नव्हता.

बाहेर येऊन त्याने कंपनीला फोनवर नकार कळवला. हातातले ताट त्याने तसेच बेसिनपाशी ठेवले होते; पोटात कावळे ओरडतच होते. तो रांगेच्या शेवटी निघाला, तेव्हा दारातल्या मावशी म्हणाल्या, "आता कोणी उठवलं ना, तर हाक मारा हो."