राखून ठेवलेला डाव

“ह्याला मर्द करायला किती दिवस लागतील, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद आखाड्यात उकिडवे बसले होते. तांबड्या मातीवर ताक शिंपडून, हळद टाकून ते ती दोन्ही हातांनी मळत होते. वय सत्तरीच्या पुढचं. बोटं वाकडी झालेली. त्यांनी मान वर केली नाही.

“आता काय हाय त्यो?”

संताजी मगदूमनं पोराला पुढं सारलं.

बारा वर्षं याच तालमीत घडलेला पैलवान. त्याच्या पकडीत सापडलेला गडी सुटत नाही, असं आसपासच्या गावांत अजून सांगतात. घरी भिंतीवर चांदीची गदा. आज त्याच्यासोबत सात वर्षांचा मुलगा होता, केदार. आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत नवा कोरा लाल लंगोट.

“बाहुली खेळतोय,” संताजी आवाज उतरवून म्हणाला. “तिला न्हाऊ घालतोय. भरवतोय. मांडीवर घेऊन थोपटतोय. गल्लीतली पोरं ह्याला ताई म्हणत्यात, वस्ताद. पैलवानाच्या पोराला.”

चुलीपाशी बसलेल्या चार-पाच पैलवान पोरांतला एक तगडा गडी फसकन हसला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.

“हसू नगंस. भाकरी करपंल,” वस्ताद म्हणाले.

या तालमीत स्वयंपाकाला कधी बाई आली नव्हती. भाकऱ्या पैलवान थापत, थंडाईचे बदाम पैलवान वाटत, दमलेल्याचे पाय दुसरा पैलवान चेपत असे. इथं त्या सगळ्याला मेहनत म्हणत.

“अन् बाहुली कुठं हाय?”

“परवा बंबात घातली. जाळून टाकली.”

...

केदारनं बापाकडं पाहिलं नाही. तो मातीकडं पाहत होता.

“तवापासनं बोलत न्हाई. जेवत न्हाई. आई भरवायला बसली की तोंड मिटून घेतोय. सगळी नाटकं. हितं राहिला, चार रट्टे बसले, की येईल ताळ्यावर. म्हणून आजच ठेवून जातो.”

वस्ताद माती मळत राहिले. एक खडा हाताला लागला. तो त्यांनी काढून बाजूला टाकला.

“वस्ताद, समदं गाव म्हणतंय, वस्ताद चेल्याला सगळं देतो, पर एक डाव राखून ठेवतो. बारा वर्षं मी ह्या मातीत लोळलो. त्यो डाव मला दिला न्हाईसा. माझी तक्रार न्हाई. पर आता त्यो माझ्या पोराला द्या.”

“तक्रार न्हाई म्हणतोस, अन् एवढी वर्षं ध्यानात धरून बसलायस.”

संताजीचे कान लाल झाले.

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली. संताजीकडं नव्हे, केदारकडं.

“इकडं ये, बाळ.”

केदार चपला काढून मातीत उतरला आणि त्यांच्यासमोर बसला.

“तुझ्या बाहुलीला काय झालं होतं?”

असल्या प्रश्नावर हसायला हवं होतं. पण वस्तादांचा चेहरा वैद्याचा होता.

...

“ताप.”

दोन दिवस मिटलेला गळा. शब्द फाटून बाहेर आला.

“लई?”

“लई होता. उतरत आला होता.”

चुलीपाशी भाकरी थापणारे हात थांबले. संताजी स्वतःच्या पायांकडं पाहू लागला.

वस्तादांनी मळलेल्या मातीचा एक गोळा उचलला. वाकड्या बोटांनी त्याला डोकं काढलं. पोट काढलं. दोन हात, दोन पाय. डोळे नाहीत, केस नाहीत, कपडे नाहीत. बाहुला म्हणावा की बाहुली, कुणालाच सांगता आलं नसतं.

केदारनं दोन्ही हात पुढं केले.

वस्तादांनी ते मातीचं लेकरू संताजीपुढं धरलं.

“मी?”

“तूच. धर.”

“वस्ताद, ह्या पोरांच्या देखत...”

“धर म्हणतो न्हवं.”

संताजीनं धरलं. त्याच्या हाताला जसं धरायचं ठाऊक होतं तसं. बोटांच्या फटींतून माती बाहेर आली आणि मुठीत नुसता चिखल उरला.

कुणी हसलं नाही.

वस्तादांनी दुसरं केलं. या वेळी संताजीनं ते दोन बोटांत लोंबतं धरलं, नको असलेली वस्तू धरावी तसं. डोकं तुटून खाली पडलं.

केदारच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. त्यानं ते डोकं उचललं, आणि पडल्या जागी धूळ लागली होती ती फुंकली.

वस्ताद तिसरं करायला लागले.

“खांदा कसा हाय तुझा?”

“कुठला?”

“उजवा. निखळला होता न्हवं.”

“बरा हाय. चौदा वर्षं झाली त्याला.”

“चाळीस दिवस पडून होतास, मागल्या खोलीत. उठता येत नव्हतं. पाणी कोण पाजत होतं?”

“तुम्ही.”

“कसं?”

संताजी आठवू लागला.

पाणी आठवत होतं. तांब्या आठवत होता. चाळीस दिवसांत एक थेंब अंगावर सांडला नाही, हेही आठवत होतं. पण कसं पाजलं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा तो आढ्याकडं बघत पडलेला असे आणि पुढच्या कुस्तीचा विचार करत असे.

“घे,” वस्ताद म्हणाले.

तिसरं लेकरू संताजीच्या हातात आलं. चांदीची गदा पेलणारा तो हात आता अर्धवट मिटून अडला होता. आवळावा तर चिखल होणार, सोडावा तर पडणार.

“वस्ताद, हे मला जमायचं न्हाई.”

वस्ताद पुन्हा माती मळू लागले.

केदार उठला. बापाजवळ गेला. आपला इवलासा हात त्यानं त्या मोठ्या हाताखाली घातला, आवळलेला अंगठा उलगडला, पंजा पसरला आणि हळूच वर सरकवला.

“मान धर, बाबा. खालनं. दाबू नगंस.”

संताजी मातीत बसला. शहाण्या चेल्यानं बसावं तसा, मांडी घालून. त्यानं मान धरली. खालून. दाबली नाही.

मातीच्या लेकराची मान तळहातावर टेकली आणि राहिली. चाळीस दिवस त्याचीही मान अशीच एका तळहातावर टेकलेली असे.

“भूक लागलीया तिला,” केदार म्हणाला.

“अन् तुला?”

केदारनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मग ‘हो’ म्हणून मान हलवली.

चुलीवर भाकरी करपत होती. वास सगळ्या तालमीत भरला, तरी कुणी उठलं नाही. ट्रंक दाराशी होती तिथंच, बंद.

“वस्ताद...” संताजीचा आवाज ओळखू येत नव्हता. नजर हातावरून हलत नव्हती. “त्यो राखून ठेवलेला डाव...”

वस्तादांनी हातांची माती झटकली.

“त्योच धरलायस. आता सोडू नगंस.”