केरबा पेंटरचं इंग्रजी

माळेवाडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा पेंटर होता. अक्षर असं काढायचा की मोत्यांनी लाजावं. पण लिहायचा फक्त मराठी. आणि गावात तर सगळ्यांना इंग्रजी पाट्या हव्या झालेल्या.

बायको हौसाबाई म्हणाली, "इंग्रजी शिका. नाहीतर सगळी कामं तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडं जातील."

केरबा चौगुले मास्तरांकडं गेला. मास्तरांनी त्याला समानार्थी आणि विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांचं एक पुस्तक दिलं आणि सांगितलं, "केरबा, तोच तोच शब्द पुन्हा वापरू नये. दुसऱ्या वेळी त्याचा समानार्थी घ्यावा. त्यानं भाषा वाढते."

"बरं मास्तर. ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

पहिलं काम शकूरभाईंच्या सरबताच्या दुकानाचं. दोन पाट्या. दोन्हींवर 'कोल्ड ड्रिंक्स' लिहायचं होतं. केरबानं एकीवर 'कोल्ड ड्रिंक्स' लिहिलं. दुसरीसाठी पुस्तक उघडलं. कोल्ड म्हणजे थंड. थंडला आणखी एक शब्द होता, चिली. केरबानं 'चिली ड्रिंक्स' लिहिलं.

गावाला चिली म्हणजे मिरची एवढंच ठाऊक. भर उन्हाळ्यात मिरचीचं सरबत कोण पिणार? दोन दिवस दुकानात माशीसुद्धा आली नाही.

शकूरभाई म्हणाले, "अरे बाबा, काय ही शब्दांची भेळ! एक शब्द धरायचा आणि सगळीकडं तोच लिहायचा!"

"बरं शकूरभाई. ध्यानात ठेवतो."

दुसरं काम डॉक्टर शेट्यांच्या दवाखान्याचं. काचेचं नवं दार बसवलं होतं. बाहेरून 'पुश' लिहायचं, आतून 'पुल'. म्हणजे बाहेरच्यानं ढकलायचं आणि आतल्यानं ओढायचं. केरबानं एक शब्द धरला आणि दोन्हीकडं 'पुश' लिहिलं.

दुपारी डॉक्टर जेवायला निघाले. त्याच वेळी बाहेर पोट धरून पैलवान धनाजी आला. दोघंही वाचून वागणारे. आतून डॉक्टरांनी ढकललं, बाहेरून धनाजीनं ढकललं. पंधरा मिनिटं दार जागचं हललं नाही. तेवढ्या जोरानं धनाजीचं पोट मोकळं झालं आणि तो तसाच घरी गेला. डॉक्टरांचा पेशंट गेला.

डॉक्टर ओरडले, "अरे शहाण्या, पुढं एक शब्द लिहिला की मागच्या बाजूला त्याचा विरुद्धार्थी लिहायचा असतो!"

"बरं डॉक्टर. ध्यानात ठेवतो."

तिसरं काम सरपंचांचं. स्वच्छ गावाच्या स्पर्धेसाठी तालुक्याची कमिटी येणार होती. वेशीवर कमान उभारली होती. सरपंच माने म्हणाले, "केरबा, दोन्ही बाजूंनी झकास लिही. 'क्लीन व्हिलेज'. स्वच्छ गाव."

केरबानं पुढून 'क्लीन व्हिलेज' लिहिलं. मग मागच्या बाजूला गेला. पुस्तक काढलं. क्लीनच्या उलट डर्टी, म्हणजे घाण. व्हिलेजच्या उलट सिटी, म्हणजे शहर. त्यानं मोठ्या अक्षरात 'डर्टी सिटी' लिहिलं आणि खाली दोन गुलाबाची फुलं काढली.

कमिटी आली तेव्हा खूश होती. गटारं बघितली, झाडं बघितली, चहा घेतला. परत जाताना त्यांनी कमानीची मागची बाजू बघितली. पहिला नंबर शेजारच्या गावाला गेला.

सरपंच म्हणाले, "केरबा, वाईट अर्थाचा शब्द पाटीवर कधी लिहू नकोस! वाईट शब्द दिसला की त्याच्या उलट चांगला शोध आणि तो लिही. आता शेवटची संधी. गावात नवी लायब्ररी होतेय, तिची पाटी चुकली तर पुढची सगळी कामं फ्लेक्सवाल्याला."

"बरं सरपंच. ध्यानात ठेवतो."

लायब्ररी सरपंचांच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावानं होती. कागदावर लिहिलं होतं, 'लेट आनंदराव माने लायब्ररी'. केरबाला लेट म्हणजे उशिरा एवढं माहीत होतं. उशीर ही वाईट गोष्ट. मोठ्या माणसाच्या नावापुढं असलं कसं लिहायचं? त्यानं उलटा शब्द शोधला, 'अर्ली'. म्हणजे लवकर. 'अर्ली आनंदराव माने लायब्ररी.' त्याखाली लिहिलं, 'उद्घाटक बी. डी. घाटगे.' हे शिक्षण खात्यातले मोठे साहेब.

उद्घाटनाच्या दिवशी सरपंचांची आई, ताराक्का, पाटी बघायला आली. कुणीतरी तिला अर्थ सांगितला.

"लवकर?" ताराक्का म्हणाली. "शहाण्णवाव्या वर्षी गेले की ते!"

सरपंचांनी कपाळाला हात लावला. "अरे केरबा, इंग्रजीत जो माणूस गेला, त्याच्या नावापुढं लेट लिहितात. गेला की लेट! आत्ताच्या आत्ता नीट कर."

"गेला की लेट," केरबा घोकत घोकत शिडीवर चढला. अर्ली पुसून त्यानं लेट लिहिलं. तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "घाटगे साहेब कुठं आहेत?"

दुसरा म्हणाला, "साहेब आत्ताच गेले."

साहेब गेले होते सरपंचांच्या घरी जेवायला.

शिडीवर केरबाचे डोळे भरून आले. मघाशी तर हसत बोलले होते! त्यानं बाहीनं डोळे पुसले, ब्रश बुडवला आणि घाटग्यांच्या नावाआधी अर्धा तास लावून सुंदर अक्षरात 'लेट' लिहिलं.

खाली चौगुले मास्तरांनी पाटी वाचली आणि हबकले. "अरेरे! जेवता जेवताच?"

मास्तर वाचतायत, तेही इंग्रजी, म्हटल्यावर कुणाला शंका नव्हती. बँडवाल्यांनी बँड खाली ठेवला. सगळं गाव दोन मिनिटांसाठी शांत उभं राहिलं. केरबाही शिडीवरून उतरून डोळे मिटून उभा राहिला.

तेवढ्यात साहेब जेवून, हात पुसत आले. सगळ्यांच्या माना खाली बघून त्यांनीही टोपी काढली, मान खाली घातली आणि शेजारच्या केरबाला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

डोळे मिटूनच केरबा म्हणाला, "घाटगे साहेब."

"कोण घाटगे?"

"शिक्षण खात्यातले. फार चांगला माणूस."

"अहो, पण तो घाटगे मीच!"

केरबानं डोळे उघडले. साहेबांकडं बघितलं. पाटीकडं बघितलं. मग ओठांवर बोट ठेवलं.

"शू! दोन मिनिटं व्हायची आहेत अजून. तुमच्यासाठीच चाललंय सगळं, तुम्ही तरी बोलू नका."