माघारी आलेलं पाखरू

"पण बुवा, इथं तर नुसतं पाणी आहे. नमस्कार कुणाला करायचा?"

केशवगीर बुवा होडीच्या टोकाशी हात जोडून बसले होते.

धरण झालं तेव्हा जुनं मोरवण पाण्याखाली गेलं, आणि गावाबरोबर भैरोबाचं देऊळही. तेव्हापासून दर चैत्रात भैरोबाचा मुखवटा होडीत बसून आपलं जुनं देऊळ बघायला येतो. देऊळ दिसत नाही, पण देव तेवढ्यावरून रुसत नाही. गावकरी फुलं सोडतात, नारळ वाहतात आणि परत जातात.

विचारणारा पुष्कर होता. साताऱ्याचा, गळ्यात कॅमेरा, मांडीवर ड्रोनची पेटी. "मला काहीतरी शिकवा" म्हणत तो बुवांच्या मठीत आला होता, आणि आल्यापासून एकटाच बोलत होता.

"आणि जागा हीच कशावरून? खूण नाही, खांब नाही..."

बुवांनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

"खिंडीत उंबर बसला?"

समोरच्या डोंगरात खिंड होती. काठावरचा एकटा उंबर बरोबर तिच्या मधोमध दिसत होता.

"बसला."

"आता उजवीकडं बघ. सुळके किती?"

"एक."

"दोन हैत. हितनंच तेवढा एक दिसतो."

पुष्करला हसू आलं. "बुवा, माझ्या ड्रोनला आकाशातले उपग्रह वाट दाखवतात. तुम्ही अजून उंबरावरच!"

"बरं," बुवा म्हणाले.

पुष्करच्या बढाईत थोडी भीती मिसळलेली होती, हे सांगायला हवं. त्याचा पहिला ड्रोन कृष्णेत गेला होता, दुसरा कासच्या तळ्यात. मित्र त्याला 'जलसमाधीवाले' म्हणत आणि तोही वरवर हसे. हा तिसरा. हा गेला तर छंद बंद, असा शब्द तो बायकोला देऊन आला होता. त्या विचाराने त्याला रात्र रात्र झोप लागत नसे. उडवण्यापलीकडे त्याला दुसऱ्या कशात गोडी नव्हती.

हैबती नावाड्याने इंजिन बंद केलं. होडी स्थिर झाली. पुष्करने फळीवर ड्रोन ठेवला आणि तो भुर्रकन वर गेला. म्हाताऱ्या बायकांनी पदर सावरत माना वर केल्या.

"निघताना हा आपलं घर ध्यानात ठेवतो," पुष्कर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बॅटरी संपत आली की आपण होऊन घरी. कुठंही असू दे."

"घर इसरत न्हाई?" बुवांनी विचारलं.

"कधीच नाही!"

"मग आपल्यातलाच की."

फुलं सोडून झाली. नारळ वाहून झाला. हैबतीने इंजिन चालू केलं, झांजा वाजू लागल्या आणि होडी गावाकडच्या काठाकडे निघाली. ड्रोन पुढे पुढे, तोंड होडीकडे करून. फोनच्या पडद्यावर काय दृश्य होतं! हिरवं पाणी, त्यात एकच होडी, होडीत लाल छत्री आणि छत्रीखाली भैरोबा. पुष्करच्या अंगावर शहारा आला. असं चित्रण त्याला आजवर कधी जमलं नव्हतं.

मग रिमोट टीं टीं करू लागला.

"बॅटरी उतरली. काळजी नको, आता येईल बघा." त्याने ऐटीत तळहात पुढे केला.

ड्रोन आला. होडीच्या टोकावरून आला, छत्रीवरून गेला, पुष्करच्या तळहातावरून गेला... आणि मागे, होडी आली होती त्या वाटेने निघून गेला.

"पाखरू कुठं चाललं?" हैबतीने विचारलं.

पुष्करचा चेहरा उतरला. ज्याने ड्रोनवर इतकी वर्षं घालवली त्याने अशी चूक करावी! उडाला तिथलं घर ड्रोनने लक्षात ठेवलं होतं, आणि पुष्कर ते घर तिथेच सोडून होडीबरोबर पुढे आला होता. आता ड्रोन तिथे जाणार, आणि शहाण्यासारखा पाण्यात उतरणार.

ड्रोनचं परतणं थांबवायला त्याने फोनवर बोट दाबलं. चैत्राच्या उन्हात फोन तापून लाल झाला होता. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला.

त्याने रिमोटच्या काड्या हलवल्या. पण एवढ्या लांबून त्या ठिपक्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, काही कळेना. त्याने घाबरून हात काढले.

"बुवा, काहीतरी करा!"

"घरीच चाललंय की ते."

"घर इथं आहे! होडीत!"

"आसं त्याला कोण बोललं?"

पुष्करने नावाड्याकडे मान वळवली.

"हैबतीमामा, होडी फिरवा! लवकर!"

होडी गर्रकन फिरली. झांजा थांबल्या.

"आता कुठं घालू? सगळं पाणीच हाय," हैबती म्हणाला.

पुष्कर काळ्या पडद्यावर बोट घासत राहिला. वर बघावं तर उन्हाच्या चकाकीत ठिपकाही दिसेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुवा उठले. त्यांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला, उपरण्यात गुंडाळला आणि भैरोबाच्या पायाशी ठेवून दिला.

पुष्करला बघायला काहीच उरलं नाही.

त्याने मान वर केली... समोर डोंगर होता. डोंगरात खिंड.

"उंबर!" तो ओरडला. "मामा, डावीकडं घ्या! उंबर खिंडीत बसू दे!"

उंबर सरकत सरकत खिंडीत आला.

"आता सरळ! तो सोडू नका!"

तो उजवीकडे वळला. सुळके दोन होते. मधे आभाळाची फट. होडी धावत होती तशी फट बारीक होत गेली. आता हाताएवढी, आता बोटाएवढी. होडीतली माणसंही वळून बघू लागली. एक आजी देवाचं नाव घेऊ लागली.

फट मिटली.

"बंद करा!"

इंजिन थांबलं. भोवती झेंडूची फुलं तरंगत होती. आणि वरून घोंघों आवाज आला.

ड्रोन डोक्यावर होता. हळूहळू, अगदी ठरल्यासारखा खाली येत होता. होडीपासून हातभर पलीकडे.

पुष्कर होडीच्या काठावर गुडघा टेकून पाण्यावर वाकला. हैबतीने त्याचा कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला. पुष्करने तळहात खाली नेला. ड्रोन बिचकून वर उचलला गेला, पुन्हा उतरला, आणि पुष्करने त्याला पोटाखालून गच्च पकडलं. पाती थांबली. फुलाची एक पाकळी भिजेल तेवढाच काय तो ओलावा त्याच्या बोटांना लागला.

"भैरोबाच्या नावानं..." कुणीतरी आरोळी दिली.

"चांगभलं!" अख्खी होडी गरजली. झांजा अशा वाजल्या की काठावरचे बगळे उडाले. आजीने पुष्करच्या कपाळाला गुलाल फासला, आणि उरलेला ड्रोनला. पुष्कर हसत होता, रडत होता आणि ड्रोनला छातीशी धरून नाचत होता. होडी डुलायला लागली तेव्हा हैबतीने त्याला दरडावून खाली बसवलं.

"बुवा, मीच आणली होडी! फोन नाही, काही नाही... मीच आणली!"

"आणलीस खरी." बुवांच्या डोळ्यांतही आनंद होता.

पुष्करचा श्वास हळूहळू खाली बसला. त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. हिरवं, गडद, काहीही न दिसणारं पाणी.

"बुवा, मघाशी मी विचारलं होतं, नमस्कार कुणाला करायचा..."

बुवांनी त्याच्या छातीशी धरलेल्या, गुलालाने माखलेल्या ड्रोनकडे बोट केलं.

"तुझ्या पाखराला इचार. नुसत्या पाण्याकडं कशाला माघारी आलं ते."